ड्राय फ्लायचा लीडर: सुतासारखा सरळ पडतो, तिथेच घोळ आहे

तुमच्या प्रश्नातली एक ओळ मी दोनदा वाचली. फ्लाय फिशिंगचा ५ वेटचा (मध्यम वजनाच्या लाइनीचा) रॉड, ९ फुटी ५ एक्सचा तयार लीडर (जाड लाइन आणि फ्लाय यांना जोडणारा निमुळता धागा; एक्सचा आकडा मोठा तितका धागा बारीक), १४ ते १८ नंबरच्या ड्राय फ्लाय (पाण्यावर तरंगणारे पिसांचे नकली किडे; नंबर मोठा तितकी फ्लाय लहान), आणि लाइन फेकण्याबद्दल 'कास्ट अगदी सुतासारखा सरळ पडतो'. तरीही ट्राउट वर येतो, फ्लायच्या खाली क्षणभर थबकतो आणि वळून निघून जातो. तुम्ही ५ एक्सवरून ६ वर गेलात, मग ७ वर, तरी फरक पडला नाही. आता लीडर स्वतः बांधावा का, बांधायचा तर कोणत्या सूत्राने, आणि नायलॉनऐवजी फ्लोरोकार्बनचा धागा घेऊन पाहावा का, असं विचारताय.

माझ्या मते उत्तर त्या ओळीतच आहे. ड्राय फ्लायच्या लीडरचा मागचा भाग सरळ उलगडला पाहिजे आणि पुढचा भाग सरळ पडता कामा नये. तयार लीडर बहुतेक वेळा शेवटपर्यंत उलगडेल असाच बनवलेला असतो, कारण नवशिक्याला तेच आवडतं आणि दुकानासमोरच्या हिरवळीवर तेच छान दिसतं. पाण्यावर मात्र तो सरळ ताणलेला धागा पडल्या क्षणापासून फ्लायला ओढू लागतो.

ही ओढ म्हणजे ड्रॅग. तिचा हिशेब साधा आहे. समजा तुमची लाइन ज्या पट्ट्यात पडली तिथलं पाणी फ्लायच्या पट्ट्यापेक्षा सेकंदाला अर्धा फूट जास्त वेगाने चाललंय. टिपेट, म्हणजे फ्लायला बांधलेला लीडरचा शेवटचा बारीक तुकडा, ताठ असेल तर फ्लाय लगेच ओढली जाणार. टिपेटमध्ये एक फूट ढील असेल तर ती संपायला दोन सेकंद लागतात. फ्लायच्या पट्ट्यात पाणी सेकंदाला दोन फूट जात असेल, तर त्या दोन सेकंदांत तुम्हाला चार फूट मोकळा प्रवास मिळतो. ट्राउट कुठे आहे हे माहीत असेल तर चार फूट पुष्कळ झाले. तीन फुटी टिपेट नागमोडी पडून दोन फुटांची जागा व्यापत असेल, तर ती एक फूट ढील आयती मिळाली. लीडरची सगळी रचना आणि सगळी जुळवाजुळव या एका फुटासाठी असते.

ड्रॅग डोळ्याला दिसतोच असं नाही. फ्लायच्या मागे इंग्रजी व्हीसारखी रेघ उठली तर ती कुणालाही दिसते. पण फ्लाय बुडबुड्यांच्या रांगेपेक्षा किंचित मागे राहतेय किंवा तिरकी सरकतेय, हे तीस फुटांवरून कळत नाही. ट्राउटला ते नाकासमोर दिसतं. वर येऊन, फ्लाय तपासून वळणारा मासा माझ्या अनुभवात बहुधा याच कारणाने वळतो. धाग्याची जाडी हे कारण बरंच मागे येतं. पुढच्या वेळी फ्लायकडे एकटक पाहू नका. तिच्या शेजारचा एखादा बुडबुडा किंवा तरंगतं पान धरा आणि दोघांमधलं अंतर बदलतंय का ते पाहा.

आता रचना. लीडरचे तीन भाग: लाइनला जोडलेला जाड बट, निमुळता होत जाणारा मधला टेपर आणि शेवटचं टिपेट. जाडी हजारांश इंचात मोजतात. एक्सचा आकडा ११ मधून वजा केला की टिपेटची जाडी मिळते: ५ एक्स म्हणजे ६ हजारांश, सुमारे ०.१५ मि.मी., आणि ३ एक्स म्हणजे ८ हजारांश. ही उलटी मोजणी रेशमी गटच्या काळातली. रेशीमकिड्याच्या ग्रंथीतून काढलेली ती तात साच्याच्या भोकातून जितक्या वेळा ओढून बारीक केली, तितके एक्स. १९३८ साली ड्यूपाँ कंपनीने नायलॉन जाहीर केलं, पुढे गट मागे पडलं, आणि आकडे तेवढे उरले.

सगळ्यात उपयोगी गोष्ट अशी की एकाच मटेरियलच्या धाग्याचा कडकपणा जाडीच्या चौथ्या घातात बदलतो, तर वजन आणि ताकद साधारण वर्गात. म्हणजे २० हजारांशचा धागा १० हजारांशच्या धाग्यापेक्षा वजनाला चौपट आणि कडकपणाला सोळापट. ५ एक्सवरून ६ एक्सवर गेलात की ताकद सुमारे तीस टक्क्यांनी कमी होते, कडकपणा मात्र निम्म्याच्याही खाली येतो. म्हणून बारीक टिपेट लावल्यावर कधीकधी मासे खरंच जास्त घेतात. धागा दिसत नाही हे त्याचं कारण असेलच असं नाही. धागा मऊ झाल्यामुळे फ्लाय मोकळी वाहते, हे जास्त संभवतं. तोच मोकळेपणा टिपेट लांब करूनही मिळतो, आणि तेव्हा ताकद गमवावी लागत नाही. तुमच्या ७ एक्सच्या प्रयोगात आखूड, बारीक टिपेट ताठ लीडरच्या टोकाला होतं. त्यातून ढील मिळाली नाही आणि ताकद निम्म्याहून खाली गेली.

सूत्रांबद्दल. पॅरिसच्या हॉटेलवाल्या घराण्यातले शार्ल रिट्झ यांच्या नावाने ओळखलं जाणारं ६०-२०-२० हे प्रमाण अजून सगळीकडे चालतं: साठ टक्के बट, वीस टक्के टेपर, वीस टक्के टिपेट. ९ फुटी लीडरला लावून पाहा. बट ६५ इंच, टेपर २२ इंच, टिपेट २२ इंच. लांब जाड बट ताकद पुढे नेतो, आखूड टेपर ती फारशी खर्चू देत नाही आणि पावणेदोन फुटांचं टिपेट सरळ फेकलं जातं. वाऱ्यात किंवा मोठी केसाळ फ्लाय नेमकी टाकायची असेल तर हे प्रमाण उत्तम. गुंतागुंतीच्या प्रवाहात मात्र तुमच्यासारखी तक्रार यातूनच उभी राहते.

दुसरी वाट अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठात वर्षानुवर्षं मासेमारी शिकवणाऱ्या जॉर्ज हार्वी यांची. बट त्या मानाने बारीक, पुढचे तुकडे मऊ, टिपेट लांब, आणि अपेक्षा अशी की टिपेट एस आकाराच्या वळणांत पडावं. मी या दुसऱ्या वाटेचा आहे. पण सूत्र म्हणजे फक्त सुरुवात. दोन माणसांची कास्ट सारखी नसते, दोन लाइनींची टोकं सारखी नसतात, आणि एकाच माणसाची सकाळची फ्लाय दुपारी नसते. कागदावरचे इंच पाण्यावर बदलावे लागतात, आणि बदलता यावेत म्हणूनच लीडर बांधायला शिकायचं.

५ वेटच्या लाइनीसाठी मी जिथून सुरुवात करतो ते मोजमाप असं:

१९ हजारांश (०.४८ मि.मी.): २० इंच
१७ हजारांश (०.४३): १८ इंच
१५ हजारांश (०.३८): १६ इंच
१३ हजारांश (०.३३): १४ इंच
११ हजारांश (०.२८), म्हणजे ० एक्स: १२ इंच
९ हजारांश (०.२३), म्हणजे २ एक्स: १२ इंच
७ हजारांश (०.१८), म्हणजे ४ एक्स: १६ इंच
६ हजारांश (०.१५), म्हणजे ५ एक्स टिपेट: ३२ इंच

एकूण १४० इंच, म्हणजे ११ फूट ८ इंच. १३ हजारांशपर्यंतचे तुकडे जरा कडक नायलॉनचे, ११ पासून पुढचे मऊ नायलॉनचे. १६ इंचांचा ४ एक्सचा तुकडा अनावश्यक वाटेल, पण तो काढू नका. टिपेटमध्ये वळणं पडतात ती या तुकड्याने उरलेली ताकद हळूहळू सोडल्यामुळे. तो आठ इंचांवर आणलात तर तेच ३२ इंची टिपेट एकतर ताठ जाईल नाहीतर ढिगारा होऊन पडेल.

इतक्या गाठी मारायची इच्छा नसेल तर मधला मार्ग आहे, आणि खरं सांगायचं तर बहुतेकांना तोच पुरतो. साडेसात फुटी ३ एक्सचा बिनगाठीचा तयार लीडर घ्या. त्याला १४ इंच ४ एक्स आणि त्यापुढे ३२ इंच ५ एक्स जोडा. ९० अधिक ४६, म्हणजे १३६ इंच. वरच्या मोजमापाच्या अगदी जवळ. शेवाळ किंवा पाणवनस्पती असलेल्या नदीत तर मी मुद्दाम हाच वापरतो, कारण गाठीगाठीला हिरवा कचरा अडकत राहतो.

आता जुळवणी. तुम्हाला खरी मदत इथेच होईल.

लीडर आधी भिजू द्या. नायलॉन पाणी शोषून थोडं मऊ पडतं, म्हणून कोरड्या लीडरवरून काढलेला निष्कर्ष तासाभराने खोटा ठरू शकतो. गुंडाळीची वळणं राहिली असतील तर लीडर दोन हातांत धरून सावकाश ताणा आणि क्षणभर तसाच ठेवा. रबराच्या तुकड्यातून सरसर ओढू नका, घर्षणाच्या उष्णतेने बारीक भाग कमजोर होतो. मग शांत पाण्यावर, तुमच्या नेहमीच्या अंतरावर, ज्या फ्लायने मासेमारी करणार तीच बांधून टाका. अंगणातल्या गवतावर लोकरीचा गोळा बांधून केलेली तपासणी फारशी कामाची नाही.

टाकल्यावर टिपेट पाहा. ते ताठ पडलं तर सहा इंच वाढवा. पुन्हा ताठ, पुन्हा सहा इंच. कधीतरी असं होईल की टिपेट स्वतःवरच कोसळेल आणि फ्लाय गाठीच्या शेजारी येऊन पडेल. मर्यादा कळली. आता दोन-दोन इंच कापत मागे या. टिपेट त्याच्या लांबीभर पसरलेल्या सैल वळणांत पडू लागलं की थांबा. वळणं तीन-चार बोटं रुंद असली की पुरे. फ्लायच्या अगदी जवळचं वळण सगळ्यात मोलाचं, कारण शेवटचे सहा इंच ताठ राहिले तर मागची ढील फ्लायपर्यंत उशिरा पोचते.

टिपेटचा ढीग होत असेल तर ते फार लांब आहे, फार बारीक आहे किंवा फ्लाय त्याच्या मानाने जड-केसाळ आहे. आधी तीन-चार इंच कापून पाहा. त्याने भागलं नाही तरच जाडी एका नंबरने वाढवा.

बट सरळ, टेपर सरळ आणि मग एका जागी कोपरा मोडल्यासारखा काटकोन दिसत असेल, तर दोष त्या गाठीजवळ आहे. तिथे जाडीची उडी मोठी झालीय किंवा आधीचा तुकडा आखूड पडलाय. मधल्या जाडीचा आठ-दहा इंचांचा तुकडा घाला. गाठ पाण्याबाहेर असतानाही हे तपासता येतं: गाठीच्या दोन्ही बाजूंचा धागा धरून सैल कमान करा. कमान गोल आली तर ठीक. एका बाजूने चपटी आणि दुसरीकडून अचानक वळलेली दिसली तर तिथे ताकद अडतेय. लाइन आणि बटच्या जोडालाही हीच परीक्षा लावा. बटची जाडी लाइनच्या टोकाच्या दोन तृतीयांश असावी असा ठोकताळा आहे आणि तो बरा आहे, पण वाक जुळतो का हे जाडीपेक्षा महत्त्वाचं. मऊ नायलॉनचा जाड बट आणि कडक नायलॉनचा बारीक बट सारखेच वागू शकतात.

अख्खा लीडर, बटसकट, वेडावाकडा पडत असेल तर टिपेटला हात लावू नका. बट फार नरम आहे किंवा कास्टच अर्धवट आहे. बट उलगडल्याशिवाय टिपेटमधल्या वळणांना अर्थ नाही, कारण मग फ्लाय कुठे पडेल याचा नेम राहत नाही. सैल टिपेट आणि नेम नसलेली कास्ट या दोन गोष्टी नवख्यांना एकच वाटतात.

याच्या उलट, फ्लाय पाण्यावर आपटत असेल किंवा पुढे जाऊन झटका खाऊन मागे येत असेल, तर ताकद जास्त होतेय. इथे लीडर कापाकापीच्या आधी हाताकडे पाहा. पाण्याकडे नेम धरू नका. पाण्याच्या दोन-तीन फूट वर, हवेतल्या जागेकडे धरा, आणि रॉड उंच थांबवा. लीडरला हवेतच दम सोडू द्या, मग तो खाली उतरतो. पुष्कळ लोकांचा लीडर एवढ्यानेच सुधारतो आणि श्रेय नव्या सूत्राला मिळतं.

आणखी एक गोष्ट जवळजवळ सगळेच विसरतात. दर वेळी फ्लाय बदलताना तीनेक इंच टिपेट जातं. सहा फ्लाय बदलल्या की ३२ इंचांचं टिपेट १४ इंचांवर येतं. सकाळी मासे घेत होते, दुपारी वळून जातायत, मासे हुशार झाले, असं म्हणत लोक फ्लायची डबी उपसत बसतात. प्रत्येक नव्या फ्लायसोबत टिपेट आणखी आखूड, आणखी ताठ. दर दोन-तीन बदलांनंतर टिपेट हाताने मोजायची सवय लावून घ्या. पसरलेल्या दोन्ही हातांच्या निम्म्याने, म्हणजे छातीपासून बोटांपर्यंत, आपलं माप एकदा ठरवून ठेवलं की टेप लागत नाही.

फ्लाय बदलली की लीडरही बदलला असं समजा. नंबराला तीनने भागा, टिपेटचा एक्स मिळतो: १२ ला ४ एक्स, १५-१६ ला ५ एक्स, १८ ला ६ एक्स. हा ठोकताळा गळाच्या आकारावर चालतो, पण हवेला अडते ती फ्लायची पिसं. १४ नंबरची विरळ पॅराशूट फ्लाय (आडव्या गुंडाळलेल्या पिसाची) आणि १४ नंबरचीच भरगच्च हॅकलची (गळाभोवती गुंडाळलेल्या पिसाची) फ्लाय यांना एक टिपेट चालत नाही. दुसरीला जाडी एक नंबर वाढवा किंवा लांबी चार-सहा इंच कमी करा. १४ पासून १८ पर्यंत सगळं एकाच ३२ इंची ५ एक्सवर चालवणार असाल तर १४ ला ते थोडं कापा, १८ ला थोडं वाढवा. ६ एक्सला जायची घाई नको.

टिपेटला पीळ पडतोय, धागा दोरखंडासारखा गुंडाळला जातोय, तर तो लीडरचा दोष नाही. फ्लाय हवेत फिरतेय. पंख एकीकडे झुकलेले असतात किंवा हॅकल असमान असतो. जाड टिपेट पीळ थोडा रोखतं, पण खरा उपाय फ्लाय बदलणं हाच.

जागेप्रमाणे लीडर कमी-जास्त करताना बहुतेक जण उलट टोकाला कात्री लावतात. झाडीतल्या अरुंद ओढ्यावर कास्ट पंधरा फुटांची, त्यात १२ फुटी लीडर, म्हणजे रॉडच्या टोकाबाहेर लाइन उरते जेमतेम तीन फूट. तेवढ्या वजनाने रॉड वाकत नाही. म्हणून लोक टिपेट कापतात. कापायचा तो बट. पहिले दोन जाड तुकडे काढून टाका. लीडर आठ-साडेआठ फुटांवर येतो आणि टिपेट अडीच फूट तसंच राहतं. ओढ्यात प्रवाहाचे पट्टे अरुंद आणि जवळजवळ असतात, ढील तिथे उलट जास्त लागते.

संथ, काचेसारख्या पाण्यावर लीडर १४-१५ फुटांपर्यंत न्यावा लागतो, पण सगळी वाढ टिपेटमध्ये करून भागत नाही. टिपेट चार फुटांच्या पुढे गेलं की माझ्या हाताला ते आवरत नाही. मधल्या १३ ते ९ हजारांशच्या तुकड्यांना चार-सहा इंच आणि बटला फूटभर वाढवतो, मग टिपेट चार फूट. अशा पाण्यावर माशाच्या वरच्या बाजूला उभं राहून, रॉड आडवा नेत रीच कास्ट करणं लीडरच्या कोणत्याही सुधारणेपेक्षा जास्त काम करतं, कारण माशाला आधी फ्लाय दिसते, धागा नंतर.

समोरून वारा असेल तर सौंदर्य विसरा. टिपेट दोन फुटांवर आणा, जाडी एक नंबर वाढवा, लूप (हवेत उलगडणाऱ्या लाइनचा वळसा) अरुंद ठेवा. रिट्झच्या प्रमाणाचा दिवस तो. पाठीमागून वारा असेल तर टिपेट वाढवायला हरकत नाही, वारा उलगडून देतो.

गाठींवर फार लिहीत नाही. दोन हजारांशपर्यंतच्या फरकाला ब्लड नॉट, त्याहून जास्त फरक असेल किंवा बोटं गारठली असतील तर तिहेरी सर्जन्स नॉट. घट्ट करण्याआधी थुंकीने ओली करा, एका दमात न खेचता सावकाश बसवा, बसली नाही तर कापून पुन्हा बांधा. लाइनला बट जोडायला मला नेल नॉट आवडते. फासात फास अडकवणं सोयीचं आहे, पण त्या जागी बिजागरी तयार होते. शिवाय लीडर रॉडपेक्षा लांब असेल तर मासा जाळ्याजवळ आणताना हा जोड रॉडच्या टोकाच्या कडीत शिरतो आणि तिथे जाडा फास अडकला की बारीक टिपेट तुटतं. टिपेटसाठी छोटी धातूची कडी वापरणारे पुष्कळ आहेत. दोन मि.मी.ची कडी पाण्याचा पृष्ठताण सहज पेलतो, पण तिथे वाकाचा सलगपणा तुटतो, म्हणून ड्राय फ्लायला मी ती लावत नाही. पीळदार, विणलेले फर्ल्ड लीडर फार मुलायम उलगडतात, मात्र ते पाणी धरतात आणि हवेत कास्ट करताना माशाच्या डोक्यावर तुषार उडतात. सपाट पाण्यासाठी नकोच.

फ्लोरोकार्बनचं उत्तर: टिपेटला नको. त्याचा अपवर्तनांक १.४२ च्या आसपास, पाण्याचा १.३३, नायलॉनचा १.५३ च्या आसपास. म्हणजे ते पाण्यात नायलॉनपेक्षा कमी दिसतं हे खरं. पण ड्राय फ्लायचं टिपेट पाण्याच्या पृष्ठभागावर असतं, आणि तिथे माशाला दिसतो तो धाग्याने दाबलेला पृष्ठभाग आणि उथळ तळावर पडणारी त्याची सावली. मटेरियल काहीही असलं तरी तो खळगा पडतोच. वर फ्लोरोकार्बनची घनता १.७८ च्या जवळ, नायलॉनची १.१४ च्या जवळ, आणि ते बहुधा कडकही असतं. आपल्याला मऊ हवंय.

उन्हात, उथळ संथ पाण्यावर सावलीचा त्रास होत असेल तर टिपेटचा शेवटचा दीड-दोन फूट भाग पाण्याखाली जाऊ द्या. मुलतानी माती, भांड्यांच्या साबणाचे थेंब आणि थोडं ग्लिसरीन यांचा घट्ट लगदा करून डबीत ठेवा, चिमूटभर घेऊन धाग्यावरून फिरवा, तेलकटपणा निघून जातो. फ्लायवर तरंगायचं जेल लावतो त्याच बोटांनी नंतर टिपेट हाताळलं तर सगळं पाण्यात, म्हणजे खरं तर पाण्यावर. खळाळत्या पाण्यात या उठाठेवीची गरज नाही. तिथे पृष्ठभाग इतका मोडलेला असतो की सावली बनतच नाही.

रिळांबद्दल एक सूचना. वेगवेगळ्या कंपन्यांचं ५ एक्स प्रत्यक्षात सारख्याच जाडीचं असेल असं धरून चालू नका. लीडर बांधायचाच असेल तर आधी मायक्रोमीटर घ्या. नायलॉन उन्हाने खराब होतं, म्हणून मागच्या हंगामातलं अर्धं रीळ बटसाठी चालेल, टिपेटसाठी नवं घ्या. खिशात ३, ४, ५ आणि ६ एक्स एवढी चार रिळं पुरतात.

राहिला ७ एक्स. २० किंवा त्याहून बारीक नंबरच्या फ्लायला, गुळगुळीत पाण्यावर, जिथे मासा फार मोठा नाही तिथे मी तो लावतो. मोठ्या ट्राउटवर नाही. बारीक धाग्यावर मासा फार वेळ दमवावा लागतो, आणि सोडून द्यायचा असेल तर इतका दमलेला मासा सोडण्यात अर्थ नाही. तुमच्या १४ ते १८ च्या फ्लायना ७ एक्स लागू नये. पुढच्या वेळी त्याच जागी, त्याच माशांवर, तोच ५ एक्स ३२ इंचांवर नेऊन पाहा, आणि त्याच्यामागे १४ इंच ४ एक्स असल्याची खात्री करा. तरीही मासे वळत असतील तर फ्लाय किंवा धागा बदलण्याआधी दोन पावलं बाजूला सरकून दुसऱ्या कोनातून टाका. बऱ्याचदा तुमच्या आणि माशाच्या मधला एखादा वेगवान पट्टा त्यामुळे टळतो.